चोवीस मुलं, दोन इयत्ता, एक खोली: सत्तरीतल्या जोडवर्गाचं प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंडा या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, त्यावरून हे प्रकरण बांधलं आहे. ही कुठली एक शाळा नाही आणि आकडे नमुन्याचे आहेत. पण जोडवर्ग घेणाऱ्याला यातलं फारसं काही अनोळखी वाटणार नाही.

वर्ग

तिसरीचे तेरा, चौथीचे अकरा, एकूण चोवीस. खोली एक, शिक्षिका एक. पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरी, आणि ती सांभाळणाऱ्या सरांकडेच मुख्याध्यापकपद. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. म्हणजे पट बेचाळीस असला की कागद बरोबर असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन इयत्ता येतात.

चोवीसपैकी चौदा मुलांच्या घरी कोंकणी. सहाजणांच्या घरी कन्नड किंवा लमाणी, चौघांच्या घरी हिंदी. यांचे आईवडील होंडा-पिसुर्लेच्या कारखान्यांत किंवा बागायतीत कामाला, भाड्याच्या खोलीत राहणारे. खोली बदलली की मुलाची शाळाही बदलते. शाळा सकाळी आठ ते साडेबारा. साडेदहाला पाव-भाजी. छपराला पत्रे, त्यामुळे जून ते सप्टेंबर जोराची सर आली की शिक्षिकेचा आवाज तिसऱ्या ओळीपलीकडे जात नाही.

तक्रार एका वाक्यात: वर्ग ऐकत नाही. त्यातही चौथीतला एक उंच मुलगा, तिसरीतली कायम उठून फिरणारी एक मुलगी, आणि साडेदहानंतरचा सगळाच वेळ.

गोंगाट कोण करतं यापेक्षा कधी होतो

पहिल्या आठवड्यात शिकवण्यात काहीही बदल केला नाही, फक्त मोजलं. दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघून एका नजरेत तीन आकडे लिहायचे: किती मुलं दिलेल्या कामात, किती नुसती वाट बघत, किती भलत्याच उद्योगात. मुलांची नावं लिहायची नाहीत. नाव लिहिलं की नजर त्याच दोघा-तिघांवर खिळते आणि बाकीचा वर्ग दिसेनासा होतो. शिकवता शिकवता हे जमत नाही असं वाटतं, पण सवय झाल्यावर एका नोंदीला दहा सेकंदही लागत नाहीत.

पाच दिवसांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हा दिवसाचा आकार दिसला. नऊ वीसची एक नोंद बघा: कामात नऊ, वाट बघत अकरा, भलतीकडे चार. त्या वेळी शिक्षिका चौथीला भागाकार शिकवत होती आणि तिसरीला फळ्यावरचा उतारा उतरवून घ्यायला दिला होता. वेगाने लिहिणाऱ्यांचा तो सहा मिनिटांत संपला. पाचजणांचा पंचवीस मिनिटांतही अर्धा राहिला, कारण ते वाचून लिहीत नव्हते, एकेक अक्षर चित्रासारखं बघून काढत होते. दोन्ही टोकांची मुलं मोकळी, आणि मोकळं मूल शेजाऱ्याला हात लावणारच.

अशा तीन जागा सापडल्या. सकाळची प्रार्थना संपून वह्या तपासल्या जातात ती दहा मिनिटं. एक इयत्ता शिकवताना दुसरीचं लेखन संपतं ती वेळ. आणि पाव-भाजीनंतरची वीस मिनिटं, ज्यात चोवीस मुलं एका नळावर हात धुतात आणि आधी परतलेली शेवटच्याची वाट बघतात. भलत्या उद्योगाच्या बहुतेक नोंदींच्या आधीच्या दहा मिनिटांत ‘वाट बघत’चा आकडा वाढलेला होता. शिस्तीचा म्हणून मांडलेला प्रश्न बराचसा रिकाम्या वेळाचा निघाला.

पातळी बघणं

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकटं बोलावून चार-पाच मिनिटं वाचायला दिलं. अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आठ-दहा ओळींची गोष्ट, अशा पायऱ्या. पाच शब्दांतले चार नीट आले की ती पायरी पार. रोज पाचजण, म्हणजे पाच दिवसांत वर्ग संपतो. चाचणी फळ्याजवळ घेऊ नये; बाकीच्यांना ऐकू गेलं की पुढचं मूल ऐकलेलं पाठ म्हणतं. व्हरांड्याचं टोक बरं.

अक्षरांवर पाच, शब्दांवर सात, परिच्छेदावर सहा, गोष्टीवर सहा. इयत्ता आणि पातळी यांचा मेळ नव्हता: अक्षरांवरच्या पाचांत दोन चौथीचे होते, गोष्ट वाचणाऱ्या सहांत तीन तिसरीचे.

‘वाचतं पण समजत नाही’ असा शेरा मारण्याआधी थांबावं लागेल असा एक प्रसंग इथेच आला. परिच्छेदात वाक्य होतं: आईने भात शिजवला आणि ताटात वाढला. शेतकरी घरातला एक मुलगा हे घडाघडा वाचून गप्प बसला. काय झालं विचारल्यावर म्हणाला, “टीचर, भात शिजयनात. भात उकडटात.” त्याचं बरोबर होतं. कोंकणीत भात म्हणजे तुसासकट धान; ते उकडून वाळवतात आणि सडून उकडे तांदूळ करतात. ताटात येतं ते शीत. धान ताटात वाढणारी आई त्याला विचित्र वाटली, म्हणजे त्याने वाक्य नीट वाचलं होतं. गंमत अशी की कन्नडमध्येही भत्त म्हणजे धानच आणि शिजलेलं ते अन्न. त्या वर्गात पुस्तकाचं मराठीच अल्पमतात होतं.

त्यानंतर भिंतीवर कोंकणी, कन्नड, मराठी अशा तीन रकान्यांचा तक्ता लागला आणि तो मुलांनी भरला. शीत, अन्न, भात. उदक, नीरु, पाणी. सुणें, नायि, कुत्रा. खंय, एल्लि, कुठे. फाल्यां, नाळे, उद्या. आठवड्याला आठ शब्द पुरतात. एकदम पन्नास लावले की तो तक्ता न राहता भिंतीचा रंग होतो.

लेखनातल्या चुकाही याच नजरेने पुन्हा बघाव्या लागतात. कोंकणीत लहान मुलीसाठी नपुंसकलिंग चालतं, त्यामुळे ‘ताई शाळेत गेले’ हा मात्रेचा घोळ नाही, घरचं व्याकरण आहे. कन्नड घरातलं मूल ‘घर’चं ‘गर’ आणि ‘भाजी’चं ‘बाजी’ लिहितं, कारण बोलण्यात महाप्राण, म्हणजे घ-भ मधला ‘ह’, सैल असतो. त्याला दहा वेळा लिहायला लावून उपयोग नाही. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ग आणि घ म्हणायला सांगा. घ म्हणताना कपटा जास्त हलतो, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

उठून फिरणाऱ्या मुलीचं कोडं गणितात उलगडलं. घरी कन्नड. तोंडी हिशेब चोख, पण ‘पंचवीस’ ऐकून ती ५२ लिहायची. कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणजे आधी वीस, मग पाच, जसं लिहितात तसंच. मराठीत पाच आधी ऐकू येतो. कोंकणीतही तसंच, पण कोंकणी मुलाच्या कानावरून पंचवीस लहानपणापासून गेलेलं असतं. श्रुतलेखनात सलग चार आकडे चुकले की ती पाणी प्यायला उठायची. (२०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! सीमेवरच्या वर्गात शिकवणाऱ्यांना त्यात चेष्टेपेक्षा सोय जास्त दिसली असणार.) उपाय साधा: माडाच्या हिराच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या. आधी दोन जुड्या आणि पाच सुट्या मांडायच्या, “वीस आणि पाच, पंचवीस” असं म्हणायचं, मग लिहायचं. तीन आठवडे रोज सात-आठ मिनिटं. जुडी सोडून नुसतं तोंडी करायची घाई केली की ५२ परत येतो.

तासाची मांडणी

पावणेनऊ ते पावणेदहा हा भाषेचा तास इयत्ता मोडून पातळीवर घेतला. उरलेला दिवस इयत्तेप्रमाणेच, कारण चौथीचा अभ्यासक्रम कुणी माफ करत नाही. चार गट एका शिक्षिकेला झेपत नाहीत, तेव्हा तीन: अक्षरांचे पाच, शब्दांचे सात, आणि परिच्छेद-गोष्टीचे बारा, जोड्यांत.

पहिल्या मांडणीत गट खोलीत फिरत होते, आणि ती फसली. प्रत्येक बदलाला तीन-चार मिनिटं, दप्तरं ओढणं, पेन्सिली हरवणं. साठातली दहाबारा मिनिटं नुसती हलण्यात गेली. गट केल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलं बसल्या जागी आणि शिक्षिका बसकं स्टूल घेऊन फिरती. क्रम असा ठरला: अक्षरगटाजवळ पंधरा मिनिटं, शब्दगटाजवळ वीस, मोठ्या गटाजवळ पंधरा, शेवटची दहा पुन्हा अक्षरगटाजवळ. अक्षरगटाला सलग पंचवीस मिनिटं दिली तर उत्तरार्धात मुलं फळ्याऐवजी पत्र्यावरच्या पावसाकडे बघतात. शिवाय पंधरा मिनिटांनी शिकलेलं दहा मिनिटं दुसऱ्यांदा विचारलं की काय राहिलं आणि काय वाहून गेलं ते त्याच तासात कळतं.

सगळी मांडणी एका अटीवर उभी आहे: शिक्षिका जवळ नसताना करायचं काम नवं असता कामा नये. ते मागच्या आठवड्यात तिच्यासोबत करून झालेल्या प्रकाराचंच हवं, फक्त मजकूर बदललेला. या वर्गात ही अट तीनदा मोडली गेली आणि तिन्ही वेळा दहा मिनिटांत अर्धा वर्ग शिक्षिकेच्या स्टुलाभोवती होता.

अडलेल्या मुलाने हाक मारू नये म्हणून प्रत्येकापुढे नारळाची एक करटी. पालथी म्हणजे काम चाललंय, उताणी म्हणजे अडलंय. उताणी करून हात बांधून बसायचं नाही, पुढचा प्रश्न घ्यायचा. पहिले चार दिवस करट्यांचाच खेळ झाला, पाचव्या दिवशी नवलाई ओसरली. पावसात ही खूण टाळीपेक्षा सरस ठरली, कारण ती ऐकावी लागत नाही. काम थांबवण्याची खूणही आवाजाची ठेवली नाही: शिक्षिका फळ्याजवळ हात वर करून उभी राहते, जो बघेल तो हात वर करतो. ही खूण पाच दिवस, रोज तीन मिनिटं, काही काम नसताना नुसती सरावासाठी करवली. सराव न करता भर तासात आणलेली खूण चालत नाही.

विषय एक, पातळ्या तीन

तीन गटांसाठी तीन वेगळे पाठ तयार करायला बसलेली शिक्षिका दुसऱ्या आठवड्यात थकते. विषय एकच ठेवला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात तो होता माटोळी: गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट. अक्षरगटाने सुरुवात ‘पडवळ’पासून केली: चार अक्षरं, एकही मात्रा नाही. मग ‘नारळ’, एक काना. ‘चिबूड’ पुढच्या आठवड्यात, कारण त्यात पहिली वेलांटी आणि दुसरा ऊकार एकदम येतात. शब्दगटाने नावांच्या पट्ट्या लावून वाक्यं पुरी केली: माटोळीला सुपारीचा ___ बांधतात. मोठ्या गटाने माटोळी बांधण्याची कृती पाच ते आठ वाक्यांत क्रमाने लिहिली आणि जोडीदाराने ती वाचून कुठे काय सुटलं ते विचारलं. एका जोडीत आधी फळं टांगली गेली आणि चौकट नंतर बांधली. ते जोडीदारानेच पकडलं, शिक्षिकेला लाल पेन काढावं लागलं नाही. कन्नड घरांतल्या मुलांनी गौरी-गणपतीत आपल्या गावी काय मांडतात ते तोंडी सांगितलं आणि तेच पुढच्या वाचनाचा मजकूर झालं.

साहित्य: चोवीस पाट्या, गटागणिक साठ शब्दपट्ट्यांचा एक डबा, जुन्या पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली वीस कामपत्रं. झेरॉक्सची कामपत्रकं आठवड्यात बंद केली. खर्चापेक्षा मोठा तोटा हा की मूल एकदा भरतं आणि संपलं. पाटीवर तेच काम पुसून पुन्हा करता येतं.

नळावरचा प्रश्न रांगेने सुटला नाही, दाराशी ठेवलेल्या पेटीने सुटला. हात धुऊन आलेलं मूल पेटीतलं एक पुस्तक उचलून बसतं. सगळे आले की शिक्षिका दहा मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचते. ती वेळ अभ्यासक्रमातून चोरलेली वाटते, पण आधी तिथे वीस मिनिटं वायाच जात होती.

उंच मुलगा

चौथीत, वयाने एक वर्ष मोठा, वाचन अक्षरांवर. ओळीने वाचायची पाळी यायच्या आधी दोन मुलं असताना तो काहीतरी विनोद करायचा, वर्ग हसायचा, शिक्षिका त्याला व्हरांड्यात उभं करायची. त्याच्या बाजूने बघितलं तर हा व्यवहार चोख होता: हसवलं की वाचनातून सुटका. शिक्षा म्हणून जे दिलं जात होतं तेच त्याला हवं होतं. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही वर्ज्य केले आहेत, रोज व्हरांड्यात उभं करणं त्या रेषेच्या किती जवळ जातं याचा विचार करावा.)

तीन गोष्टी बदलल्या. ओळीने अचानक वाचायला लावणं सगळ्या वर्गासाठी बंद. त्याला कुठल्या दोन ओळी वाचायच्या आहेत ते आदल्या दिवशी सांगायचं आणि सकाळी आठच्या आधी एकदा म्हणून घ्यायच्या. आणि पहिलीचं पुस्तक त्याच्या हातात द्यायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाला बदकाच्या चित्राखाली ‘बदक’ वाचायला लावलं तर तो पुस्तक फेकेल, आणि फेकावंच. त्याऐवजी बसचे फलक: वाळपई, साखळी, होंडा, केरी, पणजी. वर्तमानपत्राचे मथळे. कबड्डीच्या संघांची यादी, जी तो स्वतःच लिहितो. बस कुठली ते तो रंगावरून आणि वेळेवरून ओळखत होता. आता अक्षरांवरून ओळखायला लागला.

पाचव्या आठवड्यात विनोद परत आले. तेव्हा वाचनाचा मजकूर नवा होता आणि आदल्या दिवशी सांगायचं राहून गेलं होतं.

जे चुकलं

गटांना जास्वंद, मोगरा, अबोली अशी नावं दिली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अबोली म्हणजे वाचता न येणारे, हे सगळ्या शाळेला ठाऊक. नाव गोड ठेवून उतरंड लपत नाही. ती थोडीफार मोडली दोन गोष्टींनी: गणिताचे गट वेगळे केले (५२ लिहिणारी मुलगी बेरजेत वरच्या गटात होती), आणि दर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन मुलं हलवली. न हलवलेला गट हा गट नसतो, तुकडी असते.

चांगल्या कामाला चांदणी देण्याचा तक्ताही काढून टाकला. वरच्या सहाजणांना त्याची गरज नव्हती आणि खालच्या पाचांनी दहा दिवसांत त्याकडे बघणं सोडलं.

सगळ्यात आधी काम संपवणाऱ्या मुलीला रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवलं जात होतं. तिची आई चवथीनंतर आली आणि म्हणाली, “टीचर, हें दुसऱ्यांक शिकयता, पूण हें केन्ना शिकतलें?” ही दुसऱ्यांना शिकवते, पण ही स्वतः कधी शिकणार, हा प्रश्न रास्त होता. जोडीदाराला मदत आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहा मिनिटं, एवढ्यावर आणली आणि एक नियम केला: पेन्सिल ज्याची त्याच्याच हातात. हुशार मूल शिकवतं म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या वहीत स्वतः लिहून देतं.

लमाणी घरातला एक मुलगा मध्येच पाच आठवडे विजापूरकडे गावी गेला. परत आल्यावर त्याला सुरुवातीपासून बसवलं नाही. प्रत्येकाच्या नावाचं एक पान फाइलीत होतं. त्यावर शेवटची तारीख आणि शेवटचं जमलेलं काम. दोन दिवस तेच करून घेऊन पुढे.

बारा आठवड्यांनी

अक्षरांवर दोन, शब्दांवर पाच, परिच्छेदावर आठ, गोष्टीवर नऊ. नऊ वीसच्या नोंदीत ‘वाट बघत’ अकरावरून तीन-चारावर. याची किंमतही लिहून ठेवायला हवी: चौथीचा परिसर अभ्यास दोन आठवडे मागे राहिला, आणि शिक्षिकेचा रोजचा पाऊण तास तयारीत गेला. तो आठव्या आठवड्यापासून वीस-पंचवीस मिनिटांवर आला, कारण कामपत्रं पुन्हा वापरता येतात.

अक्षरांवर राहिलेल्या दोघांपैकी एकीचे डोळे तपासायला सांगितले होते. चष्मा लागला, तो येईपर्यंत तिला फळ्यापासून सहा फुटांवर बसवलं. दुसरा मुलगा शांत, कधीच त्रास न देणारा, म्हणून सुरुवातीच्या तक्रारीत तो नव्हताच. बारा आठवड्यांच्या रोजच्या सरावानंतरही तो काल वाचलेलं अक्षर आज चुकतो, पण ऐकलेली गोष्ट तपशिलासकट सांगतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण ती ठरवण्याचं काम शिक्षिकेचं नाही. तिने कान आणि डोळे तपासून घेतले, बारा आठवड्यांचं पान, वहीचे चार नमुने आणि तोंडी उत्तरांची नोंद एकत्र केली, आणि ते विशेष शिक्षकाकडे पाठवलं. ‘अभ्यासात कच्चा’ असं पत्र गेलं असतं तर तपासणाऱ्याला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली असती. त्याचा निकाल येईपर्यंत प्रश्नपत्रिका त्याला वाचून दाखवायची आणि उत्तरं तोंडी घ्यायची, असं ठरलं आहे.